आखडलेला खांदा: हाताने ढकलायचं किती, कुठे आणि कोणत्या दिशेला?

सांधेबदल
फ्रोझन शोल्डरवर हाताने काय करायचं, याबद्दल जुन्या धाग्यांत सुटंसुटं बरंच लिहून झालंय. ते एका जागी यावं म्हणून हा धागा. विनंती एकच, नेमकं लिहा. हात कुठे ठेवायचा, जोर किती, किती वेळ, चुकतं कुठे. 'आत्याच्या जावेला फरक पडला' एवढंच सांगायचं असेल तर आत्याच्या जावेला शुभेच्छा.

सुरुवात मी करतो. मनगट धरून हात डोक्यावर नेणं म्हणजे मोबिलायझेशन, म्हणजे हाताने सांधा मोकळा करणं, नव्हे. हात वर जाताना दंडाच्या हाडाचा गोळा वाटीत वरच्या बाजूला लोळतो आणि त्याच वेळी थोडा खाली घसरतो. ही घसरण काही मिलिमीटरचीच असते, पण ती झाली नाही तर गोळा वरच्या छपराला, म्हणजे अक्रोमियनला, जाऊन भिडतो. आखडलेल्या खांद्यात सांध्याभोवतीची कॅप्सूल, म्हणजे आवरण, जाड होऊन आवळलेली असते आणि काखेकडची तिची सैल घडी नाहीशी होते. एरवी २०-३० मिलि द्राव मावेल अशा सांध्यात १० मिलिसुद्धा मावत नाही. मग लोळणं उरतं, घसरणं जातं. ही घसरण रुग्णाला स्वतःच्या स्नायूंनी वेगळी काढून करता येत नाही, ती दुसऱ्याने हाताने करून द्यावी लागते. तिला ग्लाइड म्हणतात.

ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंडनी याच्या पायऱ्या लावून दिल्या, त्याच आजही चालतात. पहिली: हालचालीच्या सुरुवातीलाच, अगदी लहान झोके. दुसरी: मोठे झोके, पण अडसराच्या अलीकडे थांबणारे. तिसरी: मोठे झोके, अडसरात शिरणारे. चौथी: लहान झोके, अडसरातच. वेग सेकंदाला दोन-तीन. पाचवी म्हणजे झटका, तिचं या खांद्यात काही काम नाही.

माझं मत असं की पायरी ठरवायची ती खांदा किती आखडलाय यावरून नाही, तर दुखणं किती वेळ रेंगाळतं यावरून. आणि प्रश्न असा: हात बाहेर फिरवणं, एक्स्टर्नल रोटेशन, मिळवायचं असेल तर गोळा पुढे ढकलायचा की मागे? नॉर्वेच्या काल्टेनबॉर्न यांचा फुगीर-खोलगट नियम (फुगीर गोळा लोळतो त्याच्या उलट दिशेला घसरतो) सांगतो पुढे. प्रत्यक्षात मागे ढकलून जास्त मिळतं, असं बरेच जण म्हणतात. का?

उखळी_मुसळ
वाचनखूण साठवली. पॉपकॉर्नऐवजी शेकाची पिशवी घेऊन बसतो.

तिरका_कोन
दिशेआधी मांडणी सांगतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं.

रुग्ण उताणा, खांदा टेबलाच्या काठाशी. फऱ्याखाली, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, टॉवेलची घडी. ती नसेल तर आपण ढकलतो आणि फराच गादीत बुडतो. वरून बघणाऱ्याला वाटतं सांधा हलला. दंड अंगापासून ५०-५५ अंश बाजूला आणि तिथून साधारण ३० अंश पुढे. या स्थितीत कॅप्सूल सगळ्यात सैल असते. आखडलेला खांदा तिथवर येतच नसेल तर ३०-४० अंशांवर, जिथे रुग्णाचा चेहरा शांत असेल तिथे थांबा.

मागच्या ग्लाइडसाठी रुग्णाकडे पाठ करून त्याचं धड आणि हात यांच्यामध्ये उभं राहायचं. कोपराच्या वर एका हाताने धरायचं, त्याचा हात आपल्या अंगाशी टेकवायचा आणि दंड किंचित ओढून धरायचा. किंचित म्हणजे सांध्याच्या दोन पृष्ठांवरचा दाब फक्त सुटेल इतका. दुसऱ्या हाताची कड पुढच्या बाजूने अक्रोमियनच्या लगेच खाली, गोळ्यावर. आता मनगटाने ढकलू नका. आपले गुडघे वाकवा, सगळा हात एकसंध खाली जाऊ द्या.

दिशा सरळ जमिनीकडे नाही. खांद्याची वाटी पुढे आणि बाहेर तोंड करून असते, म्हणून तिच्या पृष्ठाला समांतर जायचं तर मागे आणि थोडं बाहेर. सरळ खाली ढकललंत तर गोळा वाटीच्या कडेवर दाबला जातो. रुग्ण 'आत टोचतंय' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

आता सांधेबदल यांचा प्रश्न. अमेरिकेत २००७ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. २० रुग्ण, सगळ्यांचं बाहेर फिरणं अडलेलं. अर्ध्यांना पुढचा ग्लाइड, अर्ध्यांना मागचा, हालचालीच्या टोकाला दाबून धरलेला, सहा बैठका. मागच्या गटाला सरासरी ३१ अंश मिळाले, पुढच्याला ३. वीसच माणसं, हे खरं. पण ३१ आणि ३ मधला फरक गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) धरणाऱ्याचा हात हलला म्हणून पडत नाही.

मधली_सुट्टी
३१ अंश? इतका फरक तर जूनमध्ये विदर्भातसुद्धा पडत नाही.

वंगण
मी यंत्रवाला, पण तरफेचं गणित दोघांनाही एकच. कोपराला धरून हात फिरवता तेव्हा तरफ साधारण ३० सेंटीमीटर. गोळ्याची त्रिज्या साधारण अडीच. कोपरावर ५ किलोचा जोर लावलात तर सांध्यापाशी ५ गुणिले ३० भागिले २.५, म्हणजे ६० किलोच्या आसपास ताण. प्रत्यक्षात इतकं सरळ नसेल, स्नायू मध्ये येतात, पण अंदाज यावा. मनगटाला धरलंत तर तरफ जवळपास दुप्पट. ग्लाइडमध्ये हात सांध्यालगत असतो, तरफच नाही. ५ किलो म्हणजे ५ किलो.

तिरका_कोन
वंगण, अगदी मुद्द्याचं. भूल देऊन खांदा मोकळा करताना दंडाचं हाड मोडण्याचे प्रकार नोंदलेले आहेत ते याच लांब तरफेमुळे. म्हणून तिथेही सर्जन कोपराला न धरता दंड वरच्या बाजूला, काखेजवळ धरतात.

हाडाचा_डॉक्टर
हात लावण्याआधीच्या दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत.

एक, एक्स-रे. समोरून एक आणि काखेतून एक. फ्रोझन शोल्डरमध्ये तो जवळजवळ साफ असतो आणि तेच बघायचं असतं. हात बाहेर फिरणं पूर्ण बंद असेल आणि आधी मिरगीचा झटका किंवा विजेचा धक्का बसल्याचा इतिहास असेल, तर खांदा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरच्या एक्स-रेत तो सहज निसटतो आणि मग 'फ्रोझन' समजून महिनोन्‌महिने त्याच्यावर व्यायाम चालतात. सांधा झिजलेला असेल तरीही बाहेर फिरणंच आधी जातं. स्वतःचे स्नायू वापरून हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर पूर्ण जातो, हा फ्रोझन शोल्डर नाहीच. तिथे स्नायूची दोरी तपासा.

दोन, साखर. मधुमेहींमध्ये हा आजार कितीतरी जास्त दिसतो, जास्त चिवट असतो आणि दुसऱ्या खांद्यालाही होतो. चाळिशी-पन्नाशीत कारणाशिवाय खांदा आखडला तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) आणि थायरॉइड बघून घ्यावं.

इंजेक्शनचं म्हणाल तर पहिल्या, ठणक्याच्या टप्प्यात सांध्यात स्टेरॉइड दिलं की दुखणं काही आठवडे उतरतं, आणि त्या खिडकीत हाताचं काम चांगलं होतं. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वर जाते, हे आधी सांगायचं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवरची मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीने कॅप्सूल कापणं आणि इंजेक्शनसह पद्धतशीर फिजिओथेरपी अशी तिघांची तुलना. वर्षाअखेर कुठलाही एक उपचार इतरांपेक्षा जाणवण्याइतका वरचढ ठरला नाही. म्हणजे कापण्याची घाई नको. आमच्या पोटावर पाय येतो, पण खरं ते खरं.

नारायण_तेल
इतकं सगळं करण्यापेक्षा कोमट महानारायण तेलाने दोन वेळा मालिश आणि वर शेक. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तेल आत मुरतं, कॅप्सूल मऊ होते.

सांधेबदल
शेक चालेल, मालिशही चालेल, पण कारण वेगळं. कॅप्सूलच्या वर डेल्टॉइड या खांद्यावरच्या स्नायूचा जाड थर आणि त्याखाली आणखी चार स्नायूंच्या दोऱ्या. तेल तिथवर पोचत नाही. पोचते ती ऊब आणि स्पर्श, त्याने राखणीला ताठलेले स्नायू सैल पडतात आणि मग ग्लाइडला हात लागू देतात. म्हणून दहा मिनिटं मालिश हे आधीचं काम म्हणून ठीक. फक्त ग्लाइडच्या आधी तेल पुसून काढा, गोळ्यावरून हात सटकतो.

शेकाचं प्रमाण: १५ ते २० मिनिटं. क्लिनिकमधला ओला पॅक ७०-७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून येतो, म्हणून सहा ते आठ पदरी टॉवेल. मधुमेहींना त्वचेची जाणीव कमी असू शकते. 'अजून गरम करा' हे त्यांचं वाक्य ऐकायचं नाही, पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघायची.

तिरका_कोन
नारायण_तेल, खांद्यापुरतं तुमचं चालवून घेऊ. कोपराला मात्र हे करू नका, हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं. कोपर निखळल्यावर किंवा मोडल्यावर जोरात चोळणं आणि ताणणं हा आपल्याकडचा ठरलेला घोळ. प्लास्टर निघालं, हात सरळ होत नाही, गावचा हाडवैद्य रोज तेल लावून खेचतो. दंडाच्या पुढच्या स्नायूत रक्त साकळतं आणि तिथे चक्क हाड तयार होऊ लागतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स. तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत ढगासारखं दिसतं आणि मिळवलेले अंशही परत जातात. कोपर सुटतं ते रुग्णाने स्वतः, दिवसातून अनेकदा, दुखण्याच्या अलीकडेपर्यंत हलवून. तिथे आपला हात जितका कमी तितका बरा.

नारायण_तेल
कोपराचं मान्य. पण हाडवैद्यांना सरसकट झोडपू नका.

हाडाचा_डॉक्टर
झोडपत नाही. पण बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्यावर बोटं सुजून निळी-पांढरी पडली, बोटं सरळ केल्यावर असह्य कळ आली, तर तासांचा प्रश्न असतो, तेवढं त्यांनीही शिकावं.

पावशेर
धागा खांद्याचा आहे, लोकहो. कोपर वेगळ्या धाग्यात वाकवा.

कासोटा
मोजायचं कसं, यावर लिहिते. रोज तेच मोजा, त्याच स्थितीत. बाहेर फिरवणं मोजताना रुग्ण उताणा, कोपर काटकोनात आणि अंगाशी. कोपर आणि बरगड्यांमध्ये टॉवेलची छोटी गुंडाळी, म्हणजे कोपर बाजूला पळत नाही. गोनिओमीटरने ५ अंशांचा फरक हा मोजण्यातला फरक समजायचा, सुधारणा नाही. १० मिळाले की आनंद.

मागे हात नेणं अंशांत मोजणं कटकटीचं, म्हणून अंगठा पाठीच्या कोणत्या मणक्यापर्यंत पोचतो ते बघतात. कुल्ला, कमरेचा पाचवा, मग वर सरकत छातीचा सातवा. रुग्णाच्या भाषेत सांगायचं तर पुरुषांना मागच्या खिशातलं पाकीट, बायकांना मागचा हुक आणि नऊवारीचा कासोटा. हुक लागला तर आकडा विचारायलाच नको. हे मागे नेणं सगळ्यात शेवटी परततं, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'बाकी सगळं झालं, एवढंच राहिलं' म्हणत लोक हात मुरगाळायला लागतात.

अडकण्याचा क्रमही बघा: बाहेर फिरवणं सर्वांत जास्त, मग बाजूला उचलणं, मग आत फिरवणं. लंडनच्या जेम्स सिरियॅक्सनी मांडलेला हा क्रम. क्रम उलटा असेल तर हाडाचा_डॉक्टर यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा.

उखळी_मुसळ
म्हणजे आयडीप्रमाणेच प्रतिसाद. दंडवत.

लाकडी_लाटणं
घरी करायचं ते. बैठक आठवड्यात दोन-तीनदा, उरलेल्या वेळात कॅप्सूल पुन्हा आवळायला मोकळी. तेव्हा घरचं नसेल तर बाकी सगळं पाण्यात.

झोका: टेबलाला चांगल्या हाताने टेकून कमरेत वाका, दुखरा हात सोडून द्या. हाताने झोका घ्यायचा नाही. अंग पुढे-मागे हलवायचं, हात आपोआप लंबकासारखा हलतो. स्नायू जागा झाला की गोळा वर खेचला जातो आणि झोक्याचा हेतूच गेला. एक-दोन मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. ठणक्याच्या टप्प्यात एवढंच.

लाटणं: उताणं झोपून कोपर काटकोनात, काखेशी टॉवेलची गुंडाळी, लाटणं किंवा छत्री दोन्ही हातांत आडवी. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकला. दुखणं दहापैकी तीनपर्यंत, तिथे १५ ते ३० सेकंद धरा, पाच वेळा. चूक: कोपर अंगापासून सुटतं आणि माणूस कुशीवर वळतो. लाटणं फिरलं, खांदा तसाच.

ओटा: टॉवेलवर हात ठेवून पुढे सरकवा, अंग वाकवत. भिंतीवर बोटं चढवण्यापेक्षा हे बरं, कारण भिंतीवर बहुतेक जण खांदा कानापर्यंत उचलून वर पोचल्याचं समाधान घेतात.

झोपताना: उताणं, कोपराखाली छोटी उशी, म्हणजे दंड मागे लोंबत नाही. चांगल्या कुशीवर झोपत असाल तर छातीशी उशी धरून दुखरा हात तिच्यावर.

पावशेर
दारावर लावतात ती दोरी-कप्पी कुणीच लिहिली नाही?

लाकडी_लाटणं
मुद्दाम. चालते, पण सवयीने लोक झटके देतात. लकव्याच्या खांद्यात तर अजिबात नको. तिथे गोळा आधीच खाली उतरलेला आणि स्नायू ढिले. कप्पीने वर ओढलं की आतले पडदे चिमटतात आणि दुखणं वाढतं. लकव्याच्या हाताला तर हात ओढून उठवायचंही नाही. घरच्यांना काखेत हात घालून उचलायची सवय असते, ती आधी मोडा.

मधली_सुट्टी
गुडघ्याचंही असंच असतं का? बदललेल्या गुडघ्यावर मांडी घालता येईल का, हा आपला राष्ट्रीय प्रश्न. जेवायला, पूजेला, भजनाला.

तिरका_कोन
पावशेर रागावतील, पण थोडक्यात. खुर्चीतून उठायला आणि जिना उतरायला ९० ते १०५ अंश लागतात. मांडी आणि उकिडवं बसणं त्याच्या खूप पुढे, १२० ते १३० च्या वर, शिवाय वळणही हवं. बदललेल्या गुडघ्यात ते दर वेळी मिळतंच असं नाही आणि सांध्याच्या आयुष्यासाठी बरेच सर्जन नकोच म्हणतात.

हाताचं काम तिथे मुख्यतः वाटीवर. गुडघा सरळ आणि सैल ठेवून, मांडीचा स्नायू ढिला आहे ना बघून, दोन्ही अंगठ्यांनी वाटी पायाकडे सरकवायची. वाकवणं मिळतं. मांडीकडे सरकवली की सरळ करणं सोपं होतं. खाली दाबायचं नाही, नाहीतर वाटी दळणासारखी घासते. टाके निघून जखम पूर्ण मिटली की व्रणाची कातडीही आडवी-उभी हलवायची. कृत्रिम सांध्यात नडगी मागे ढकलण्याचा ग्लाइड सर्जनला विचारल्याशिवाय नको, कारण आतली दोरी ठेवलीय की काढलीय ते बाहेरून कळत नाही.

आणि गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि मग लंगडत चालायचं. उशी टाचेखाली.

पावशेर
रागावलो नाही. सासूबाईंना हा प्रतिसाद छापून देतोय.

चष्मिस
मी मूळ प्रश्नाकडे येतो. फुगीर-खोलगट नियम निव्वळ भूमितीतून आला: फुगीर पृष्ठ खोलगटावर फिरलं तर लोळणं एकीकडे, घसरणं उलटीकडे. खांद्यात गोष्ट तशी सरळ नाही, कारण गोळ्याला कॅप्सूलही ढकलते. ज्या बाजूची कॅप्सूल ताणली जाते तिच्यापासून गोळा दूर सरकतो. हात बाजूला करून बाहेर फिरवला की पुढची कॅप्सूल ताणली जाते आणि गोळा मागे जातो. १९८८ साली निरोगी खांद्यांचे एक्स-रे काढून बघितलं गेलं तेव्हा हात मागे आणि पूर्ण बाहेर फिरवलेल्या स्थितीत गोळा सुमारे ४ मिमी मागेच सरकलेला दिसला. म्हणजे नियम सांगतो त्याच्या उलट. मग आखडलेल्या सांध्यात मागची वाट मोकळी करून दिली की बाहेर फिरणं सुटतं, यात नवल काय?

तिरका_कोन
इथे थोडं अडतो. मागे ढकलताना आपण नेमकं काय ताणतो, यावर एकमत नाही. मागची कॅप्सूल ताणली गेली म्हणावं तर तिने बाहेर फिरणं अडत नाही, आत फिरणं अडतं. बाहेर फिरणं अडवतो तो पुढचा-वरचा भाग, दोन स्नायूंच्या दोऱ्यांमधला त्रिकोण आणि त्यातला कोराकोह्यूमरल बंध. माझा अंदाज, हात आधीच बाहेर फिरवून टोकाला धरला आणि मग मागे ढकललं तर त्या त्रिकोणालाही पीळ बसतो. २००७ च्या चाचणीतही ग्लाइड टोकाला धरूनच दिला होता, मधल्या सैल स्थितीत नाही. हा तपशील लोक वगळतात, मधल्या स्थितीत दोन मिनिटं मागे ढकलतात आणि 'मागचा ग्लाइड चालत नाही' म्हणतात.

चष्मिस
मान्य. मग आधी कुठे अडतंय ते बघूनच ठरवावं. हात अंगाशी ठेवून बाहेर फिरवा, मग ४५ अंश बाजूला नेऊन फिरवा. अंगाशी जास्त अडतंय तर तो पुढचा-वरचा त्रिकोण, बाजूला नेल्यावर जास्त अडतंय तर काखेकडची खालची घडी. दुसऱ्यात आधी खालचा ग्लाइड: अक्रोमियनच्या बाहेरच्या कडेखाली तळहाताची टाच, ढकल पायाकडे, दुसऱ्या हाताने दंड हलका ओढलेला.

कडक_चहा
एक प्रश्न. हॉलंडमधल्या दोन चाचण्या एकमेकींच्या विरुद्ध नाहीत का? २००४ च्या चाचणीत ७७ रुग्ण होते. वेदनेच्या पलीकडे ताणलेल्या गटापेक्षा, समजावून सांगून दुखण्याच्या अलीकडेपर्यंतच हालचाल करू दिलेला गट दोन वर्षांनी पुढे: ८९ टक्क्यांचा खांदा जवळपास पूर्ववत, दुसऱ्यांचा ६३. आणि २००६ च्या १०० रुग्णांच्या चाचणीत वरच्या पायऱ्यांचं मोबिलायझेशन खालच्यांपेक्षा थोडं सरस.

सांधेबदल
धागा यासाठीच काढला होता.

विरोध वरवरचा आहे. २००४ मध्ये 'जोरकस' म्हणजे वेदनेचा उंबरठा ओलांडून ताणणं, आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. २००६ मधले रुग्ण निदान तीन महिने जुने, हालचाल निम्म्याहून कमी उरलेले, आणि वरच्या पायऱ्या सहन होतील इतक्याच. त्यातही खालच्या पायऱ्यांवालेही चांगले सुधारले, फरक लहान होता. दोन्हींत हरतो तो एकच: अजून ठणकणाऱ्या खांद्याला ओढणारा.

म्हणून मी ठरवतो असा. रात्री झोपमोड होते, हात सहज हलवला तरी ठणका तासन्‌तास: पहिली-दुसरी पायरी, ३० सेकंद ते एक मिनिट, तीन फेऱ्या, मध्ये विश्रांती. दुखतं पण हात खाली घेतला की अर्ध्या तासात निवळतं: दुसरी-तिसरी, एक-दोन मिनिटं, चार-पाच फेऱ्या. फक्त टोकाला ताण, ठणका नाही: चौथी, किंवा झोके न देता टोकाला ३० सेकंद ते एक मिनिट दाबून धरणं. पुढच्या वेळी पहिला प्रश्न 'त्या रात्री झोप कशी लागली?' बैठकीनंतर दोन तासांहून जास्त ठणका राहिला किंवा रात्र बिघडली, तर एक पायरी खाली. खांदा तितकाच आखडलेला असला तरी खाली.

वंगण
आणि ढकलणाऱ्याच्या अंगठ्यांचं काय? बघतोय, सगळे अंगठ्यानेच दाबतात.

कासोटा
त्यांचे अंगठे पन्नाशीत जातात, मुळाशीच दुखायला लागतात. अंगठा फक्त सांधा शोधायला. ढकलायला तळहाताची टाच नाहीतर करंगळीकडची कड, कोपर सरळ, वजन पायातून. टेबलाची उंची आपल्या मांडीच्या मध्याएवढी. टेबल उंच असेल तर खांद्याने ढकललं जातं आणि मग एकाऐवजी दोन खांदे आखडतात.

हाडाचा_डॉक्टर
हात लावूच नये अशांची यादी धाग्यात हवी: न जुळलेलं हाड, लाल-गरम सुजलेला सांधा, ताप, हाडात गाठ असल्याचा संशय. संधिवाताचा भर ओसरेपर्यंत थांबा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, दीर्घकाळ स्टेरॉइड, ठिसूळ हाडं: तिसरी-चौथी पायरी विचारपूर्वकच. आणि हे सगळं शिकलेल्या, कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची परिषद आहे, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये.

उखळी_मुसळ
तिरका_कोन, एक राहिलं. फऱ्याखालची टॉवेलची घडी किती जाड?

तिरका_कोन
दोन बोटं. चार पदरी हात पुसायचा टॉवेल पुरतो. पण ती फऱ्याच्या पाठच्या हाडाखाली आणि आतल्या कडेखाली यायला हवी, गोळ्याखाली नको. गोळ्याखाली गेली तर तुम्ही खाली ढकलताय आणि टॉवेल वर ढकलतोय.

मधली_सुट्टी
आमच्या ऑफिसात असंच चालतं.